गरीब गाय कुठे मिळते?

पत्र थोडक्यात: वाचक भगिनी ४१ वर्षांच्या. पंधरा वर्षं डोंबिवलीत नोकरी करून गेल्या वर्षी नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई यांच्यासह लांजा तालुक्यातल्या मूळ गावी राहायला गेल्या. जमीन दोन एकर. एकरभर भात, बाकी काजू-आंबा आणि परसबाग. गोठा आहे, पण वीस वर्षं रिकामा. घरापुरतं दूध आणि झाडांना शेणखत, एवढ्यासाठी गाय घ्यायची आहे. मोबाइलवर व्हिडिओ बघून नवऱ्याचं मन गीर गाईवर बसलंय. ते स्वतः आठवड्यातले चार दिवस कामासाठी रत्नागिरीत असतात. नणंदेचं म्हणणं, घ्यायचीच तर जर्सी घ्या, बादली भरून दूध मिळेल. शेजारचे काका आपली दीड वर्षाची पाडी फुकट द्यायला तयार आहेत. पाडीची आई त्यांच्याकडे अजून दूध देते, 'पण ती आपली साधी गावठी'. लहानपणी मामाच्या गावी एका गाईने या बाईंना शिंगावर घेतलं होतं. ती भीती अजून गेलेली नाही आणि घरात कुणाला ठाऊकही नाही. त्यांचा प्रश्न: नवशिक्या माणसाला सांभाळता येईल अशी सगळ्यात गरीब जात कोणती?

ताई,

आपल्याकडे ज्याच्या खिशात दमडी नाही तोही गरीब आणि जी शिंग उगारत नाही ती गायही गरीब. तुम्ही दुसऱ्या अर्थाने विचारलंय आणि उत्तर एका शब्दात हवंय. तो शब्द मी सांगेनही. पण मग तुम्ही ती जात शोधत जिल्हे पालथे घालाल, बक्कळ पैसे मोजून गाय आणाल, आणि पहिल्याच संध्याकाळी ती तुम्हाला बादलीसकट उडवेल.

जातीत काहीच नसतं असं नाही. खिलार बघा. आटपाडी-म्हसवडच्या बाजूला लोकांनी पिढ्यानपिढ्या चपळ, तापट, ओढीचे बैल निवडून वंश वाढवला, तेव्हा त्यांच्या बहिणी तरी थंड कशा निघतील? नवख्याने खिलारीच्या वाटेला जाऊ नये. उलट गीर आणि देवणी शांत म्हणून ओळखल्या जातात. अकोले-इगतपुरीकडची डांगी सावकाश चालीची, भर पावसात भातखाचरात उभी राहणारी. पण ही झाली सगळ्या जातीची सरासरी, आणि तुमच्या दावणीला सरासरी येणार नाही. एकच गाय येणार. ती वासरू असताना तिला कुणी हात लावला की नाही, तिची धार कोण काढत होतं, तिला काठी किती बसली, यावर तिचा स्वभाव ठरलेला असतो. एकाच गोठ्यात एक बहीण मांडीवर डोकं ठेवते आणि दुसरी जवळून जाऊ देत नाही, हे मी किती ठिकाणी पाहिलंय.

माझंच सांगते. लग्न होऊन मी जुन्नरकडच्या गावात गेले, तेव्हा घरात चांदी नावाची गाय होती. अख्ख्या आळीत तिच्यासारखी गरीब गाय नाही असं सगळे म्हणत. सासूबाई बाजारला गेल्या म्हणून एक दिवस मी धारेला बसले, तर चांदीने पहिल्याच ओढीला पाय झाडला. दुसऱ्या दिवशी तेच. अकरा वर्षं तिने एकाच बाईचा हात, एकच आवाज, लुगड्याला येणारा चुलीच्या धुराचा एकच वास ओळखला होता, आणि तिथे पंजाबी ड्रेस घातलेली, साबणाचा वास येणारी कुणीतरी येऊन बसली होती. शेवटी मी सासूबाईंचं जुनेर अंगावर ओढून बसायला लागले. आठेक दिवसांनी जुनेर सुटलं. गाय गरीबच होती, फक्त माझ्या ओळखीची नव्हती.

आता तुमच्या भीतीकडे येते. तुम्ही ती घरात लपवलीय, ते आधी थांबवा. साहेब चार दिवस रत्नागिरीत, सासूबाईंचं वय ७४. म्हणजे गाय कागदावर कुणाचीही असो, दोन वेळची धार तुमच्याच वाट्याला येणार. 'आम्ही गाय घेतोय' असं घर म्हणतं तेव्हा 'आम्ही' म्हणजे कोण, हे आधी ठरवावं. सहसा ती घरातली एकच बाई असते.

आणि भीती अगदीच वाईट नाही. मार बसलेली माणसं जनावराकडे नीट बघतात. गाईला दोन्ही बाजूंचं खूप दूरपर्यंत दिसतं, पण बरोबर शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप जायचं नाही. बाजूने, खांद्याच्या रोखाने, बोलत बोलत जायचं आणि पहिला हात खांद्यावर किंवा मानेखाली ठेवायचा. घोडा मागे लाथ मारतो. गाईचा पाय पुढे येऊन बाहेर वळतो, म्हणून तिच्या बाजूला उभं राहिलं तरी लागतो. ती आधी सांगतेही: शेपटी आवळते, पाय उचलून ठेवते, कान मागे घेते. तुम्हाला शिंगावर घेणारी गाय बहुधा नुकती व्यायलेली असावी. व्यायल्यानंतरचे पहिले आठ-दहा दिवस अगदी देवमाणूस गायही वासराजवळ परक्याला येऊ देत नाही. ते दिवस मुलीला गोठ्यात एकटं पाठवू नका. आणि पैदाशीसाठी म्हणून वळू पाळायचा विचार कुणी काढला तर तिथेच नाही म्हणा. जर्सी-होल्स्टीनच्या गाई हातावर वाढलेल्या, निवांत असतात. त्यांचेच वळू मात्र माणसाला सगळ्यात धोक्याचे. कृत्रिम रेतन असताना घरात वळू कशाला?

आता साहेबांची गीर. देखणी गाय आहे, वाद नाही. ते पुढे आलेलं कपाळ, पानासारखे लांब दुमडलेले कान. पण व्हिडिओत ज्या तीस-चाळीस लिटर देतात त्यांतल्या बऱ्याच ब्राझीलच्या असतात. आपल्याच काठेवाडातून गेलेल्या, तिथे निवडून निवडून वाढवलेल्या. आणि गीर मुळात कोरड्या सौराष्ट्राची. तुमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. चार महिने ओली जमीन, खुरं मऊ पडतात, अंगावर गोचीड. कोकणात गीर पाळणारे लोक आहेत, पण त्यांचे गोठे बघून या: उंच जोतं, कोरडी फरशी, पंखे, हाताखाली माणूस. तुमचा वीस वर्षं रिकामा गोठा तसा आहे का?

त्याहून साधा हिशेब वैरणीचा आहे, तो कुणी मांडत नाही. जनावर रोज आपल्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा चारा खातं. चारशे किलोची गीर म्हणजे रोज दहा-बारा किलो, वर्षाला चार टनांच्या घरात. तुमच्या एकरभर भाताचा पेंढा भरला तर टन-दीड टन. बाकीचं विकत, तेही घाटावरून गाडीभाडं देऊन. कोकणातली गावठी गाय सव्वादोनशे किलोच्या आसपास असते. तिला सहा-सात किलो पुरतं, म्हणजे वर्षाला सव्वादोन टन. पेंढा, दिवाळीच्या सुमाराला बांधावरचं आणि वरकसातलं, म्हणजे उतारावरच्या पडीक जमिनीतलं, गवत कापून रचलेली उडवी, पाण्याजवळ दोन-तीन गुंठे संकरित नेपियर गवत, वर दुभत्या दिवसांत किलोभर आंबोण (पेंड-भुशाचं खाद्य), यात ती निभते. एक सांगून ठेवते, नुसत्या पेंढ्यावर गाय जगते, दूध देत नाही.

जर्सीबद्दल नणंद म्हणते ते खोटं नाही. जर्सी संकर स्वभावाने हाताळायला सोप्या, कारण लहानपणापासून माणसाच्या हाताखालीच असतात. वासरू नसलं तरी बहुतेक पान्हा सोडतात. पण आठ-दहा लिटर दूध रोज सकाळ-संध्याकाळ येणार, ते चार माणसं पिणार किती? वाडीत संकलन केंद्र नसेल तर उरलेलं दूध कुठे जाईल? तेवढं दूध काढायचं तर पेंडही तेवढी घालावी लागते, मार्च-एप्रिलच्या दमट उकाड्यात ती धापा टाकते, आणि कासेचा रोग, ज्याला लोक दगडी म्हणतात, तिला लवकर धरतो. डेअरीची गाडी दारात येत असती तर मी वेगळं लिहिलं असतं. सातारा-नगरकडच्या वाचकांनी हा परिच्छेद आपापल्या गावच्या हिशेबाने वाचावा.

म्हशीचं तुम्ही विचारलं नाही, पण हे पत्र वाचून कुणीतरी विचारेलच. म्हैस स्वभावाला बहुधा गाईपेक्षा थंड, पण तिला डुंबायला पाणी हवं, उन्हाळ्यात ती माजावर आली तरी कळत नाही, आणि खाते भरपूर. पहिलं जनावर म्हणून नको.

राहिली फुकटची पाडी. इथे तुमच्या मनात काय आहे ते मला दिसतंय: लहान आहे, आपल्या हातावर वाढेल, आपल्याला ओळखेल, म्हणजे गरीब होईल. ऐकायला गोड आहे. पण पाडी दीड वर्षाची. गावठी पाडी गाभण राहायला अजून दीडेक वर्ष सहज जाईल, पुढे नऊ महिने पोटात. म्हणजे दुधाचा पहिला थेंब दिसेपर्यंत दोन-सव्वादोन वर्षं. आणि तेव्हा काय होईल? पहिलारू, सड दुखरे, कुणी कासेला हात लावलेला नाही, आणि शेजारी बसलेली बाईही आयुष्यात पहिल्यांदा धार काढतेय. दोघीही नवशिक्या. शिकाऊ माणसाने शिकाऊ घोड्यावर बसू नये, तसंच हे. पहिली गाय अशी हवी की जिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, म्हणजे दोन-तीनदा व्यायलेली, रोज हाताने धार काढलेली.

ती शोधायची कशी, हे थोडं सविस्तर सांगते, कारण हे सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे.

पहिली गाय बाजारातून घेऊ नका. लोणी, काष्टी, घोडेगाव हे मोठे बाजार बघायला जरूर जा, तिथे डोळा तयार होतो. पण तिथे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणाऱ्या हेड्यांपुढे, म्हणजे दलालांपुढे, तुम्ही-आम्ही म्हणजे पहिल्यांदा लोकल पकडणारा माणूस. कास टच्च दिसावी म्हणून आदल्या दिवसाची धार न काढता आणलेली गाय, वय लपवायला घासून तेल लावलेली शिंगं, हे सगळं तिथे चालतं. गाय तिच्या गोठ्यात बघावी. संध्याकाळच्या धारेला न सांगता जा. मालकाला धार काढू द्या आणि तुम्ही फक्त बघा: मागचे पाय बांधले का, वासरू सोडलं का, काठी कुठे ठेवलीय. पाय बांधावे लागणं हा गुन्हा नाही, पण तुम्हाला ती गाय नको. धारेआधी इंजेक्शन टोचत असतील तर चहाही न घेता निघा. त्या सुईची सवय लागलेल्या गाईला नुसत्या हाताने पान्हा फुटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा आणि या वेळी स्वतः बसा. ज्या बाजूने तिची धार काढतात त्याच बाजूने. येत नसलं तरी बसा. चारी सडांतून धार येते का, पहिल्या चार धारा काळ्या फडक्यावर मारल्यावर गुठळ्या दिसतात का, ते बघा. पाठीवरून हात फिरवत पोटाखाली, कासेपर्यंत न्या. शेजारी मुद्दाम बादली वाजवा. ती दचकली तर दचकू द्या. दचकल्यावर पुन्हा चरायला लागते की डोळे फाडून दावं ताणते, ते बघायचं. जमल्यास मुलीला दोन हात लांब उभं करा. काही गाई मोठ्या माणसाला मान देतात आणि पोरांवर डोकं झुकवतात.

दात बघायचे ते खालच्या जबड्याचे. वरचे पुढचे दात गाईला नसतातच. शहरातून आलेल्या एका गृहस्थांनी 'बिनदाताची गाय गळ्यात मारली' म्हणून मालकाशी भांडण काढलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढचे आठही दात जुळले की वय साधारण पाच वर्षं. कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आहे का ते बघा. त्यावरून लसी, रेतन यांच्या नोंदी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काढता येतात. त्याच डॉक्टरांकडून ब्रुसेलोसिसची तपासणी करून घ्या. तो रोग कच्च्या दुधातून आणि विताना येणाऱ्या पाण्यातून आणि जारातून माणसाला लागतो. धारोष्ण दुधाचं कौतुक आजोबांनी कितीही केलेलं असो, मुलीला दूध उकळूनच द्या.

कपाळावरच्या भोवऱ्यावरून लक्ष्मी येणार की जाणार, हे सांगणारा एक तरी म्हातारा तुम्हाला भेटेल. त्याला हसू नका. अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी जनावरं जखडून धरल्यावर कशी वागतात हे मोजलं, तेव्हा कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या वर असलेली जनावरं जास्त बिथरताना दिसली. म्हातारा भोवरा बघत होता ते बरोबरच, लक्ष्मीचं मात्र त्याने पदरचं घातलं.

अजून दोन गोष्टी लोक व्यवहार झाल्यावर विचारतात, त्या आधीच विचारा. एक, गावठी गाय वर्षभर दूध देत नाही. सहा-सात महिने दूध, मग भाकड काळ. बाराही महिने घरचं दूध हवं तर दोन गाई, वेगवेगळ्या वेळी वेणाऱ्या, पण ते तीन वर्षांनंतरचं स्वप्न असू द्या. दोन, गोऱ्हा झाला तर काय? कोकणात नांगर आता पॉवर टिलरच ओढतो. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हणजे गोऱ्ह्याला गिऱ्हाईक मिळत नाही आणि लोक त्याला रात्री रस्त्यावर सोडून देतात. तुम्ही तसं करणार नसाल तर त्याची वैरण आजच हिशेबात धरा. आणि मुंबईत लग्न निघालं तर दोन दिवस धार कोण काढेल, याचंही एक नाव डोक्यात असू द्या.

हे सगळं लिहिताना माझं लक्ष तुमच्या पत्रातल्या त्या एका ओळीकडे परत परत जातंय. 'तिची आई अजून दूध देते, पण ती आपली साधी गावठी.' ताई, त्या साध्या गावठीला आता नाव आहे. कोकण कपिला. राष्ट्रीय पातळीवर तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झालीय. दोन-अडीच लिटर देते, तुमच्या चार माणसांना तेवढंच लागतं. अंगाने लहान, त्यामुळे धक्का बसला तरी चारशे किलोचा बसत नाही. तुमचा पाऊस तिचाच पाऊस. कोकणात गुरं सुगीनंतर मोकाट सोडायची पद्धत आहे, त्यामुळे काही गावठी गाई हाताला बुजऱ्या असतात, हा तिचा एकच मोठा दोष. पण ही गाय कुणीतरी रोज पिळतंय. तिचा स्वभाव कळायला व्हिडिओ नको, कुंपण ओलांडलं की झालं.

काका पाडी फुकट का देतायत, हे विचारलंत का? दुसऱ्याला पाडी देणारा माणूस बहुधा गोठा आवरायला घेतलेला असतो. मुलं मुंबईला, गुडघे दुखतात, बिबट्या वाडीत फिरतो म्हणून रात्री उठून बघावं लागतं. तसं असेल तर आज ना उद्या ती आईही दुसऱ्या कुणाकडे जाणार आहे.

तेव्हा गाय घेण्याचं दोन महिने लांबणीवर टाका. काकांना म्हणा, पाडी नंतर बघू, आधी मला रोज सकाळी तुमच्याकडे येऊ द्या. पहिले आठ दिवस नुसती खराऱ्याने गाय घासा, शेण काढा, वैरण टाका. मग काकींच्या शेजारी बसा. मग एक सड तुम्ही, बाकीचे त्या. बोटं आठवडाभर दुखतील, मग सरावतील. साहेब सुट्टीला आले की त्यांनाही न्या, पाच वाजता. गीरचा विषय पुन्हा निघतो का ते बघा.

दोन महिन्यांनी तुम्हाला ती आवडली, तिने तुमचा हात घेतला, तपासणी नीट आली, तर आई आणि पाडीनंतरचं तिचं तान्हं वासरू दोन्ही मागा, आणि फुकट नको, रास्त किंमत द्या. देशी गाईला पान्ह्यासाठी बहुधा वासरू लागतंच. 'महिनाभरात जमलं नाही तर परत' हे तोंडी बोलून ठेवा. शेजारात ते चालतं. नेताना तिचं दावं आणि दोन भारे तिच्याच गोठ्यातला पेंढा सोबत न्या. तोवर गोठ्याचं जोतं उंच करा, गटार काढा, बिबट्यासाठी दाराला जाळी आणि कडी बसवा. पाडी पुढच्या पावसाळ्यात वैरण उरली तर आणा, आईला सोबत होईल.

आणि काकींकडून त्यांची एक जुनी साडी मागून ठेवा. धुऊ नका.